सोडणाऱ्यांची बैठक

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या कुठल्याही गल्लीत दारू सोडण्याचे सल्ले फुकट मिळतात. माळ घाल. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून आण घे. अमक्या बुवाचा अंगारा लाव. एवढ्यानंही नाही ऐकलं तर पुण्याला नेऊन टाका महिनाभर. मराठवाड्यातल्या एसटी स्टँडांजवळच्या भिंतींवर तर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात, खाली मोबाइल नंबर. इतके उपाय तोंडपाठ असलेल्या गावाला एकच प्रश्न विचारावा. ज्यानं काल सोडली, त्यानं आज संध्याकाळी सात ते नऊ कुठं बसायचं?

उत्तर येत नाही, कारण त्या वेळात बसायच्या सगळ्या जागा दारूच्या आहेत. परमिट रूम आहे, देशीच्या दुकानामागचा आडोसा आहे, शेतातला आखाडा आहे, कुणाच्या तरी बंद गोदामाची ओटी आहे. तिथं सोबती आहेत, चखणा आहे, उधारी आहे, दिवसभराचं ऐकून घेणारं कुणीतरी आहे. दारू सोडणारा माणूस बाटलीबरोबर हे सगळंच सोडतो, आणि त्याला आपण बदल्यात देतो ते घरातली एक खाट आणि सगळ्यांच्या संशयी नजरा.

माझं म्हणणं असं आहे की तालुक्याच्या गावाला दारू सोडणाऱ्यांची आठवड्याची बैठक हवी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, या नावानं जगभर चालते तशी, किंवा तिच्या जवळपासची. ती दोन माणसं आणि एक खोली एवढ्यावर उभी राहते. आणि ‘आपल्याकडं असलं काही चालायचं नाही’ म्हणून जी कारणं सांगितली जातात, ती नीट तपासली तर त्यांतली बरीच उलट बैठकीच्याच बाजूनं साक्ष देतात.

दारूच्या मंडळाचं आपल्याला नवल नाही. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलं. त्यात तळीराम आहे आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आहे. नाव आहे, सभासद आहेत, भाषणं आहेत, चेष्टेत का होईना तत्त्वज्ञानसुद्धा आहे. नाटकाचा नायक सुधाकर त्या मंडळात जातो तेव्हा त्याचं स्वागत होतं. पुढं त्याला उपरती होते, तो दारू सोडतो, कामधंदा शोधायला बाहेर पडतो, तेव्हा मात्र तो एकटा असतो. ज्या प्रतिष्ठितांच्या दारात जातो ते त्याला हिडीसफिडीस करतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. प्रेक्षक शंभर वर्षं त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी, रडत आले. नाटककारानं पिणाऱ्याला मंडळ दिलं आणि सोडणाऱ्याला कुणीच दिलं नाही, हे दुखणं त्या रडण्यात वाहून गेलं. गडकऱ्यांचा त्यात दोष नाही. त्यांनी होतं ते दाखवलं, आणि ते अजून तसंच आहे.

आपल्याकडे सोडणाऱ्याला सोबत देणारी एक जुनी व्यवस्था आहे, तिचा मान राखूनच पुढं बोललं पाहिजे. ती म्हणजे माळ. परभणी जिल्हा जनाबाईंच्या गंगाखेडचा, शेजारी हिंगोलीत नामदेवांची नर्सी. या भागात तुळशीची माळ गळ्यात पडली की माणसाची संध्याकाळ बदलते. हरिपाठ आहे, भजनी मंडळ आहे, एकादशी आहे, आषाढीची दिंडी आहे. म्हणजे बसायला जागा आहे आणि सोबत बसायला माणसं आहेत. गळ्यातली माळ दिसते, म्हणून जुने सोबतीही ग्लास पुढं करायला कचरतात. माळेनं सुटलेली माणसं गावोगाव आहेत. ती का सुटली, याचं उत्तर श्रद्धेइतकंच त्या टाळ-मृदंगाच्या सोबतीत आहे असं मला वाटतं. गाडगेबाबांनीही कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले, आणि तेही शेकडो माणसं एका जागी बसवूनच.

पण माळेचा एक कडक नियम आहे. माळकरी प्याला, की माळ खुंटीला गेली. ज्याला पुन्हा प्यावंसं वाटतं तो आधी माळ उतरवून ठेवतो, हे गावाला ठाऊक असतं. आणि एकदा उतरवलेली माळ पुन्हा घालायला जी हिंमत लागते ती बहुतेकांकडे नसते, कारण आता तो नुसता पिणारा राहिलेला नसतो, व्रत मोडलेला झालेला असतो. भजनात जाऊन बसायचं म्हटलं तरी पाय उचलत नाही. म्हणजे ज्या दिवशी सोबतीची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्या दिवशी ती हातची जाते.

एएची बैठक इथं वेगळी पडते. तिथं घसरलेल्या माणसासाठी खुर्ची राखीव असते म्हटलं तरी चालेल. चार महिने सोडली, काल घेतली, आज येऊन बसला, तर त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, एवढंच. कुणी हाकलत नाही. सभासद व्हायची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असावी अशीसुद्धा अट नाही. आपल्या नीतिबुद्धीला हे जरा ढिलं वाटतं. ज्यांनी हा आजार जवळून पाहिलाय त्यांना माहीत आहे की पहिल्या फटक्यात सुटलेली माणसं थोडी, आणि तीनदा-चारदा घसरून मग सुटलेली पुष्कळ. घसरण्याला जागा नसलेली कुठलीही व्यवस्था या पुष्कळांना बाहेर ठेवते.

ही बैठक जन्मली कशी, तेही जिंतूरच्या माणसानं ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन नावाचं एकेकाळचं टायर-रबराच्या कारखान्यांचं गाव आहे. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस तिथं एका व्यवहारासाठी गेला होता. दारू सोडून काही महिने झालेले. व्यवहार फसला. हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा असताना एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं टेलिफोन निवडला आणि चर्चमार्फत ‘मला इथला एखादा दारुडा भेटवा’ असा शोध घेतला. भेटला तो डॉ. बॉब स्मिथ, गावातला शल्यविशारद, पिण्यानं धंदा बुडत चाललेला. पंधरा मिनिटं बोलू म्हणून बसलेले दोघं कित्येक तास बोलत राहिले. विल्सन उपदेश करायला गेला नव्हता. आज आपण पिऊ नये म्हणून त्याला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलण्याची गरज होती. डॉ. बॉबनं शेवटचा प्याला १० जून १९३५ ला घेतला, आणि तोच दिवस चळवळीचा वाढदिवस मानतात. भारतात ही चळवळ १९५७ पासून आहे आणि तिचं देशाचं कार्यालय मुंबईत आहे.

या गोष्टीतलं मर्म असं, की मदत करणाऱ्याला मदतीची गरज घेणाऱ्याइतकीच होती. आपल्याकडे व्यसनमुक्तीचं काम म्हटलं की एक व्यासपीठ डोळ्यांपुढं येतं. वर निर्व्यसनी पाहुणे, खाली सतरंजीवर व्यसनी. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, शपथ, फोटो. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, असे कार्यक्रम होतात आणि २७ जूनला संध्याकाळचे सात वाजतातच. एएच्या बैठकीत प्रमुख पाहुणाच नसतो. एक जण वाचन करतो, मग ज्याला बोलायचं तो नाव सांगून, मी दारुडा आहे असं सांगून, आपलं बोलतो. मधे कुणी बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. दीड तासाच्या आत संपवायचं. चहा. वर्गणीची डबी फिरते, ज्याला जमेल त्यानं जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी चालतं. बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत असा या चळवळीचा दंडक आहे, त्यामुळे सौजन्य म्हणून कुणाचा फोटो लावायची सोय नाही. बॅनरशिवायचा कार्यक्रम आपल्या तालुक्यात उभा राहू शकतो का, ही शंका मला दारू सुटेल का या शंकेपेक्षा मोठी वाटते.

आता पुराव्याचं पाहू. २०२० साली कॉक्रेन या नामांकित वैद्यकीय पाहणी-मालिकेत एएवरचा आढावा प्रसिद्ध झाला. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. एएकडे पद्धतशीरपणे वळवलेल्यांपैकी वर्षानंतर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के होते, इतर मानसोपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले, म्हणून आकडे जसेच्या तसे जिंतूरला लावू नयेत. दोन गोष्टी तरी त्यातून घेता येतात. बैठक ही भाबड्यांची समजूत नाही, प्रशिक्षित तज्ज्ञांच्या उपचारांशी ती बरोबरी करते आणि थोडी पुढंही जाते. आणि दुसरी, निम्म्याहून जास्त माणसं तिथंही वर्षभर टिकत नाहीत. जादू म्हणून तिची जाहिरात कुणी करू नये.

मग सरळ व्यसनमुक्ती केंद्रंच का वाढवू नयेत? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर मुक्तांगणकडे बघून द्यावं लागतं. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. अवचटांनी गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर, लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून ते उभं राहिलं. गर्दच्या मुलांसाठी सुरू झालेल्या त्या केंद्रात दारूचे रुग्णही येत राहिले, आणि पूर्वी तिथंच बरे झालेले कितीतरी जण समुपदेशक झाले. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. मुक्तांगणवाल्यांनी सुरुवातीपासून ओळखलं होतं की पस्तीस दिवस ही सुरुवात आहे. म्हणून फॉलोअपच्या बैठका, बायकांसाठी सहचरी गट, व्यसनमुक्तीचे वाढदिवस असा सगळा पसारा त्यांनी मांडला. आपल्याकडची माणसं मात्र त्यातले पस्तीस दिवस तेवढे उचलतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला नेऊन सोडायचं, महिन्यानं आणायचं, आणि ‘इतका खर्च केला तरी पुन्हा पेतोच’ असं म्हणून हात झटकायचे. जिंतूरहून दर आठवड्याला पुण्याला फॉलोअपला कोण जाणार? खोट केंद्राची नाही. पुणे ते जिंतूर या अंतरात जे काहीच नाही, ती खोट आहे.

केंद्रांच्या खाटा मोजल्या तरी हिशेब जमत नाही. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. देशात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेले पावणेतीन कोटींच्या वर. या अवलंबून असलेल्यांपैकी कसली ना कसली मदत मिळालेला माणूस अडतीसमागे एक, दाखल होऊन उपचार मिळालेला एकशे ऐंशीमागे एक. म्हणजे उरलेल्या एकशे एकोणऐंशींचं जे काही व्हायचं ते त्यांच्या गावातच व्हायचं आहे.

दारूबंदीवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे आणि अपुरंही वाटतं. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानातून राज्यात कित्येक गावच्या बायकांनी दुकानं बंद पाडली, ते मोठं काम आहे. दुकान लांब गेलं की नव्यानं लागणारी पोरं कमी होतात. पण ज्याला लागलेली आहे तो शेजारच्या गावाला जातो किंवा हातभट्टीकडे वळतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारखी माणसं तिथं पाय रोवून उभी आहेत, तरी २०१६ ला मुक्तिपथ ही व्यसनविरोधी मोहीम सुरू करताना बंदीच्या जोडीला तालुक्याच्या गावी उपचाराची क्लिनिकं आणि गावात शिबिरं घ्यावीच लागली. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली, आणि मधल्या सहा वर्षांत पिणाऱ्यानं सोडून बसायचं कुठं, यावर बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही फारसं बोलले नाहीत.

बैठकीवरचा सगळ्यात भारी आक्षेप गुप्ततेचा आहे. एएमध्ये आडनाव सांगत नाहीत, ऐकलेलं बाहेर नेत नाहीत. मुंबईत हे ठीक आहे, जिंतुरात कसं जमायचं? इथं मोटारसायकल कुणाची, हे हॉर्नवरून ओळखतात. खोलीबाहेर चार चपला दिसल्या की कोणाकोणाच्या ते सांगतील.

हा आक्षेप खरा आहे, आणि तो करणाऱ्यांनी तो अर्धाच विचारात घेतलाय. हा माणूस पितो हे जिंतुरात आधीपासून सगळ्यांना माहीत आहे. तो गटाराशेजारी पडलेला असताना लोकांनी त्याला उचलून घरी आणलेलं आहे. झाकायचं म्हणून पिण्यात काही उरलेलंच नाही. झाकावंसं वाटतं ते सोडणं. पिण्याची लाज एकदाची संपते, सोडण्याची लाज तिथून सुरू होते. ‘सुटली म्हणं तुमची?’ या प्रश्नात कौतुक किती आणि ‘बघू किती दिवस’ किती, हे विचारणाऱ्याच्या डोळ्यांत दिसतं. लग्नाच्या पंगतीत ‘आज तेवढी घे, कोण बघतंय’ म्हणणारे मेहुणे असतात. आणि तो घसरला की गावाला त्याच्याबद्दलचं आपलं मत बरोबर ठरल्याचं समाधान मिळतं. म्हणजे गुप्तता हवी ती पिणाऱ्याची नव्हे, प्रयत्न करणाऱ्याची. नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसायची मुभा मिळावी एवढ्यासाठी. लहान गावात बैठकीत ऐकलेलं बाहेर न नेणं शहरापेक्षा अवघड आहे आणि म्हणूनच जास्त गरजेचं आहे. ते पाळता येईल का? बचत गटातल्या बायका कुणाचं कर्ज किती थकलंय ते वर्षानुवर्षं पोटात ठेवतात. पुरुषांना जमणार नाही असं धरून चालायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप देवाचा. एएच्या बारा पायऱ्यांत ‘आपल्याहून मोठी शक्ती’ येते, ज्याला जशी कळेल तशी असा तिचा अर्थ लावायची मोकळीक असली तरी येते. जिंतुरात वारकरी आहेत, मुसलमानांची मोठी वस्ती आहे, बौद्ध आहेत, नेमगिरीच्या लेण्यांमुळे जैनांचं तर हे तीर्थच आहे. यांतल्या प्रत्येकाच्या परंपरेनं दारू निषिद्ध ठरवलेली आहे. इस्लाममध्ये ती हराम आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. निषेधाची या गावाला टंचाई नाही. परिणाम असा की पिणारा आपापल्या समाजात पापी ठरतो, आणि सगळ्या समाजांचे पापी एका परमिट रूममध्ये शेजारी शेजारी बसतात, तिथं कुणी कुणाला जात विचारत नाही. जी समता दारूच्या टेबलावर आपोआप येते ती सोडणाऱ्यांच्या सतरंजीवर का येणार नाही? ज्याला देव मान्य नाही, त्यानं समोर बसलेल्या चार माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती मानावं. एएमध्ये नास्तिकांनी हाच मार्ग काढलेला आहे. तेही पटत नसेल तर पायऱ्या बाजूला ठेवून नुसतं बसावं. बसण्याचा गुण त्यानं कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र बैठकीच्या कक्षेबाहेरची आहे आणि ती स्पष्ट सांगितलीच पाहिजे. जो माणूस सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय हात स्थिर करू शकत नाही, त्यानं शपथेच्या भरात एकाएकी बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, घाबरं होणं, ताप, बडबड असा प्रकार सुरू झाला तर त्यात माणूस दगावतोही. ‘सोडली आणि मेला’ असं गावात ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला पुष्कळदा दवाखान्यात न्यायला हवं होतं. अशानं आधी डॉक्टर गाठावा, परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात जावं, औषधानं शरीर सावरावं आणि मग बैठकीला बसावं. आणि ती भिंतीवरची ‘नकळत’ देण्याची पूड? दारूशी जिचा संयोग झाला की छातीत धडधड सुरू होते, रक्तदाब खाली जातो, अशी औषधं खरोखर आहेत. ती रुग्णाच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. जेवणातून चोरून दिली तर तो विषप्रयोग आहे. पुडीत नेमकं काय आहे हे विकणारा सांगत नाही, तेव्हा तर ती घरात आणूच नये.

मग जिंतूरची बैठक कधी आणि कुठं भरवायची? शहरातल्या बैठका बहुधा संध्याकाळी असतात. तालुक्यात ते जमणार नाही. चारठाणा, बोरी, येलदरीकडचा माणूस रात्री साडेआठला बैठक संपवून परतीची गाडी कुठून धरणार? परभणीत एखादी चांगली बैठक असली तरी जिंतूरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाणं आणि येणं, म्हणजे रोजंदारीवाल्याचा दिवस गेला. माझी सूचना बाजाराच्या दिवसाची आहे. आठवडी बाजाराला खेड्यापाड्यांतली माणसं येतातच. कशाला आला, असं बाजारात कुणी कुणाला विचारत नाही. पिशवी हातात असली की माणूस कुठल्याही गल्लीत शिरू शकतो. गुप्ततेची याहून चांगली सोय शहरातसुद्धा नाही. शिवाय बाजाराचा दिवस म्हणजे खिशात पैसा असण्याचा दिवस, जुने सोबती भेटण्याचा दिवस, आणि म्हणून पिण्याचा सगळ्यात मोठा दिवस. दुपारी दोन ते तीन ही वेळ धरली तर ज्या तासाला तो बाजारातून दुकानाकडे वळला असता नेमका तोच तास बैठकीचा होतो. जागा शाळेचा वर्ग असो, वाचनालयाची मागची खोली असो की दवाखान्यातली दुपारनंतर रिकामी होणारी ओपीडी. देवळाची, मशिदीची, विहाराची मात्र नको, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती ‘त्यांची’ होऊन बसेल.

बायकांची बैठक वेगळी हवी, आणि त्याच वेळेला शेजारच्या खोलीत. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन ही संघटना १९५१ साली बिल विल्सनची बायको लोइस हिनं उभी केली. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा माग काढणं, बाटल्या ओतणं, उधारी फेडणं, मुकादमापुढं खोटं बोलणं यात घरची बाई पिणाऱ्याइतकीच थकते, आणि वर ‘तुझ्यामुळंच पेतो’ हेही ऐकते. नवरा बैठकीला यायला तयार नसला तरी तिनं यावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्या अर्ध्या तिकिटाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. पिणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्या आहेत, आणि पुरुषांसमोर ‘मी दारुडी’ म्हणणं त्यांना आजच्या जिंतुरात अशक्य आहे. त्यांच्यासाठी निदान फोनची वाट उघडी असावी. दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यांकडे जाणाऱ्यांनाही तीच वाट कामाची. २०२० पासून मोबाइलवर भरणाऱ्या मराठी बैठका वाढल्या आहेत, आणि कोपीत बसून कानात इअरफोन घालता येतो.

हे सगळं कशाला, असं कुणी म्हणेल त्यानं शेतकरी आत्महत्यांची चौकशी-प्रकरणं आठवावीत. कर्ज, परतफेडीची अक्षमता आणि वसुलीचा तगादा या निकषांत प्रकरण बसलं तरच ते पात्र ठरतं आणि घरच्यांना एक लाखाची मदत मिळते. चौकशीत व्यसनाचा उल्लेख आला की बहुधा ‘अपात्र’. जिवंत असताना ज्याच्या व्यसनासाठी तालुक्यात एक खोली मिळाली नाही, मेल्यावर त्याच व्यसनाची सरकारी कागदावर नोंद होते आणि तीही त्याच्या विधवेच्या विरोधात. याला काय म्हणायचं ते वाचकानं ठरवावं.

बैठक सुरू करायला एएच्या रिवाजाप्रमाणे दोन माणसं पुरतात. जिंतूर तालुक्यात ज्यांची सुटून पाच, दहा, पंधरा वर्षं झालीत अशी माणसं आहेत. शाळेत शिकवतात, कृषी केंद्र चालवतात, शेती करतात, आणि त्या दिवसांबद्दल एक शब्द काढत नाहीत. माझी विनंती त्यांना आहे. तुम्हाला भाषण करायचं नाही, कुणाला सुधारायचं नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी दोनला एका खोलीत जाऊन बसायचं आहे. पहिले काही आठवडे बहुधा कुणी येणार नाही, तरी बसायचं. डॉक्टरांनी आणि मुख्याध्यापकांनी आपली एक रिकामी खोली तासभर द्यावी, आणि उद्घाटनाला कुणालाही बोलावू नये. आणि ज्याला आजच रात्री कुणाशी तरी बोलायचं आहे, त्याच्यासाठी व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६ या दोन्हींवर फोन फुकट लागतो. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं, आणि ती रात्रीही चालू असते.